रोम मागे हटले असते तर

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण आपल्याकडे जर-तरच्या गोष्टी सांगणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी योजली जाते. इतिहासाच्या अभ्यासकांस तर ती विशेष प्रिय आहे. जे घडले त्याचाच शोध पुरा लागत नाही, तेथे जे घडलेच नाही त्याच्या मागे लागणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे त्यांचे म्हणणे. तथापि हा उद्योग बराच जुना असून तो रिकामटेकड्यांनीच केला आहे असे नाही. रोमचा इतिहासकार लिव्ही याने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात कथेचा ओघ थांबवून, अलेक्झांडर इटलीवर चालून आला असता तर काय झाले असते, याची सविस्तर चर्चा केली आहे. शार्ल रनुव्हिए या फ्रेंच तत्त्वचिंतकाने १८७६ साली रोमन साम्राज्याचा न घडलेला इतिहास एका स्वतंत्र ग्रंथात मांडला आणि अशा लेखनाला ‘युक्रोनी’ हे नावही दिले. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी इंग्रजीत असल्याच निबंधांचा संग्रह काढला, त्यात विन्स्टन चर्चिल यांचाही लेख आहे. आपल्या मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने १७६१ ची लढाई मराठ्यांना जिंकून दिली, हे वाचकांस ठाऊकच आहे.

तेव्हा प्रश्न असे लेखन करावे की करू नये, हा नाही. त्यातले चांगले कोणते आणि वाईट कोणते, हा आहे. या लेखात आम्ही तो प्रश्न एका विशिष्ट क्षेत्रापुरता विचारणार आहोत. रोमन सत्तेविरुद्ध टोळ्यांनी जी बंडे केली, त्यांचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, हा विषय पाश्चात्त्य लेखकांस वारंवार मोह पाडीत आला आहे. १९९९ साली ‘व्हॉट इफ?’ या नावाने निघालेल्या निबंधसंग्रहातही ल्युइस लॅपहॅम यांनी ट्युटोबर्गच्या अरण्यातील लढाईवर या दृष्टीने लिहिले आहे. एका बाजूस जगज्जेते साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूस ज्यांच्यापाशी लिहिलेली एक ओळही नाही अशी माणसे, असा हा सामना असल्यामुळे कल्पनेला येथे वाव पुष्कळ. आणि वाव पुष्कळ असला म्हणजे बेजबाबदारीलाही पुष्कळ असतो.

प्रथम मूळ घटना थोडक्यात सांगितल्या पाहिजेत. इ. स. ९ मध्ये चेरुस्की टोळीच्या आर्मिनियसने व्हारस या रोमन सेनापतीच्या तीन लीजन, म्हणजे तीन भरभक्कम पलटणी, जर्मनीतील अरण्यात गाठून नामशेष केल्या. आर्मिनियस हा रोमच्या सैन्यात नोकरी केलेला, रोमचे नागरिकत्व आणि सरदारी मिळालेला मनुष्य होता. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये ब्रिटनमधील इसेनी टोळीची राणी बौडिका हिने बंड उभारले, तीन शहरे जाळली आणि अखेरच्या लढाईत तिचा पाडाव झाला. इ. स. ६९ मध्ये नीरोच्या मृत्यूनंतर रोममध्ये एका वर्षात चार सम्राट झाले. त्या गोंधळात ऱ्हाईनच्या मुखाजवळच्या बटेव्हियन टोळीचा सिव्हिलिस उठला. गॉलमधील काही टोळ्या त्यास मिळाल्या आणि त्यांनी गॉलांचे स्वतंत्र साम्राज्य झाल्याची द्वाही फिरवली, पण पुढच्याच वर्षी सारे विरून गेले. एक बंड यशस्वी झाले, एक चिरडले गेले आणि एक अर्ध्यावर विस्कटले. या तीन बंडांविषयी आपणांस जी माहिती आहे, तिचा एक प्रमुख आधार म्हणजे टॅसिटस.

आता एक गोष्ट आमच्या टीकाकारांच्या लक्षात सहसा येत नाही, ती ही की, या विषयावरचा पहिला जर-तर-इतिहास आधुनिकांनी लिहिलेला नाही. तो टॅसिटसच्या ग्रंथातच आहे, आणि तो बंडवाल्याच्या नव्हे, राज्यकर्त्याच्या तोंडी आहे. सिव्हिलिसचे बंड मोडण्यास पेटिलियस सेरिआलिस नावाचा सेनापती आला होता. हा तोच सेरिआलिस, ज्याची पलटण दहा वर्षांपूर्वी बौडिकाच्या लोकांनी कापून काढली होती आणि ज्याला घोडदळासह पळून छावणीचा आसरा घ्यावा लागला होता. त्याने इ. स. ७० मध्ये ट्रिअर हे नगर घेतले आणि तेथील पराभूत लोकांस एकत्र बोलावून भाषण केले. भाषणाचा आशय असा. आम्ही येण्यापूर्वी तुमच्यात राजे होते आणि लढाया होत्या. आम्ही आलो ते तुमच्याच पूर्वजांनी बोलावले म्हणून. शांतता राखायची तर सैन्य हवे, सैन्याला पगार हवा आणि पगाराला कर हवा. बाकी सर्व आपले सामाईक आहे, पलटणींवर अधिकारी तुम्हीही होता, प्रांतांचा कारभार तुम्हीही पाहता. वाईट सम्राट आला तर अवर्षण किंवा अतिवृष्टी सोसावी तसा तो सोसावा. आणि उद्या आम्हांला हाकलून दिलेत, तर साऱ्या जमाती एकमेकींच्या उरावर बसतील, दुसरे काय होणार?

रोम मागे हटले असते तर काय झाले असते, याचे हे पहिले उत्तर. ते ओळखीचे वाटले नाही असा भारतीय वाचक विरळा. आम्ही गेलो तर तुम्ही आपसांत लढून मराल, हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी इतक्या वेळा आणि इतक्या सभ्य भाषेत ऐकले होते की त्याचा मूळ कर्ता पहिल्या शतकातला एक रोमन सेनापती आहे हे कळल्यावर अंगावर काटा येतो. त्या वाक्याचे सामर्थ्य कशात आहे हेही पाहिले पाहिजे. सेरिआलिस खोटे बोलत नाही. गॉलमध्ये टोळीयुद्धे होती, आणि कराचा पैसा खरोखरच पलटणींवर खर्च होई. त्याचे म्हणणे खोडणे कठीण आहे, कारण त्याने पुरावा भूतकाळातला दिला आणि धमकी भविष्यातली. न घडलेल्या गोष्टीचा प्रतिवाद कोण कसा करणार?

टॅसिटसचे मोठेपण असे की, ज्या लेखणीने त्याने सेरिआलिसचे भाषण लिहिले, तिनेच इ. स. ९८ च्या सुमारास ‘अग्रिकोला’ या चरित्रात कॅलेडोनियाच्या काल्गाकस नावाच्या नायकाच्या तोंडी नेमके उलटे भाषण घातले होते, रोमचे राज्य म्हणजे लूट आणि ओसाडी यांचे दुसरे नाव होय, असे बजावणारे. दोन्ही भाषणे त्याने सारख्याच तळमळीने रचली आहेत. कोणते खरे, हे तो सांगत नाही. आधुनिक लेखकांस हा संयम साधलेला नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांनी दोहोंपैकी एकाचीच बाजू घेतली आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे एडवर्ड क्रीसी. जगातील पंधरा निर्णायक लढायांवरचे त्यांचे पुस्तक १८५१ साली निघाले. त्यात ट्युटोबर्गच्या लढाईस स्थान देताना ते म्हणतात की, आर्मिनियस हरला असता तर आपले जर्मन पूर्वज आपापल्या मूळ ठिकाणीच गुलाम झाले असते किंवा नष्ट झाले असते आणि या बेटाला इंग्लंड हे नाव मिळालेच नसते. म्हणजे जर्मनीतल्या अरण्यात तीन पलटणी कापल्या गेल्या, त्याचे फळ साडेअठराशे वर्षांनी लंडनमधल्या एका सभ्य गृहस्थास मिळाले. या अनुमानाचा दोष उघड आहे. एका लढाईपासून आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत सरळ रेषा ओढायची आणि मधल्या अठरा शतकांतील दुष्काळ, स्थलांतरे, धर्मांतरे, राजघराणी या सगळ्यांना त्या रेषेवरून बाजूस सारायचे, ही इतिहासाची नव्हे, वंशावळ लिहिणाऱ्या भाटाची पद्धत आहे. भाटाला शेवट आधीच माहीत असतो, त्याच्यापासून तो मागे चालत जातो.

आणि भाटाची वंशावळ कशी सोयीने बदलते, तेही पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाशेजारी, पार्लमेंटच्या समोर, थॉर्निक्रॉफ्टने घडवलेला बौडिकाच्या रथाचा भव्य पुतळा १९०२ साली उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यावर कूपर कवीच्या ओळी आहेत. त्यांचा भावार्थ असा की, सीझरला ठाऊकही नव्हते अशा प्रदेशांवर बौडिकाचे वंशज राज्य करतील. साम्राज्याविरुद्ध लढून मेलेली राणी अशा रीतीने दुसऱ्या एका साम्राज्याची कुलदेवता झाली. त्या साम्राज्यात आपला देशही होता. गंमत अशी की, क्रीसींचे जर्मन पूर्वज इंग्लंडात आले ते बौडिकाच्या ब्रिटन लोकांना मागे रेटूनच. पूर्वज म्हणून आर्मिनियसही हवा आणि बौडिकाही हवी, म्हणजे मारणारा आणि मार खाणारा दोघेही आपलेच. जर्मनीतही निराळे घडले नाही. क्लाइस्टने १८०८ साली आर्मिनियसवर नाटक लिहिले ते नेपोलियनच्या टाचेखालील जर्मनीस चेतवण्यासाठी. त्यात निदान पारतंत्र्याची कळ होती. पण १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ आर्मिनियसचा प्रचंड पुतळा पुरा झाला तेव्हा जर्मनी स्वतःच साम्राज्य होऊन चार वर्षे लोटली होती. पुढे १९८७ पासून काल्क्रीझ येथे रोमन नाणी आणि शस्त्रे सापडू लागली आणि लढाई तेथेच झाली असावी असे बहुतेक अभ्यासक मानू लागले. ते ठिकाण पुतळ्यापासून पुष्कळ दूर आहे. वंशजांच्या अभिमानाने पुतळा उभारला, तो लढाई जेथे झाली नाही तेथे.

तेव्हा या विषयावरील लेखनाचे दोन ठोकळ वर्ग पडतात. एक राज्यकर्त्याचा जर-तर. आम्ही गेलो असतो तर अंधार झाला असता. दुसरा वंशजांचा जर-तर. ते जिंकले म्हणून, किंवा जिंकले असते तर, आम्ही थोर. दोहोंतही प्रत्यक्ष बंड करणारी माणसे गायब आहेत. त्यांना काय हवे होते, त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते, याची विचारपूस दोघेही करीत नाहीत. आमच्या मते चांगल्या जर-तर-इतिहासाची पहिली कसोटी हीच आहे की, तो त्या माणसांस त्यांच्या काळातील, त्यांच्या हातातील पर्याय परत देतो की नाही.

बौडिकाच्या बंडावर ही कसोटी लावून पाहू. बहुतेक लेखक ‘जर’ हा शब्द अखेरच्या लढाईवर ठेवतात. सुभेदार पॉलिनसपाशी सुमारे दहा हजार सैनिक होते. त्याने दोन्ही बाजूंस उंचवटा आणि पाठीशी अरण्य अशी चिंचोळी जागा निवडली. ब्रिटन लोकांनी बायकामुले गाड्यांत बसवून लढाई पाहण्यास आणली होती, आणि माघार घेताना त्याच गाड्यांनी त्यांची वाट अडवली. टॅसिटसने ब्रिटनांचे ऐंशी हजार आणि रोमनांचे अवघे चारशे मेले असे आकडे दिले आहेत. ते जसेच्या तसे कोणी घेत नाही. पण गाड्यांची हकीकत चटका लावणारी आहे आणि लेखकास तेथे थांबण्याचा मोह होतो. गाड्या नसत्या तर, जागा उघडी असती तर, बौडिका जिंकली असती. असेल. पण लढाई जिंकणे म्हणजे रोमला घालवणे नव्हे. पॉलिनस मेला असता तर दुसरा आला असता, जसा व्हारसनंतर जर्मेनिकस आला.

खरा फाटा निराळ्या ठिकाणी आहे, आणि तो मूळ साधनांतच नोंदलेला आहे. नीरोचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो की, ब्रिटनमधून सैन्य काढून घेण्याचा विचार नीरोने एकदा केला होता आणि पित्याच्या कीर्तीला बाध येईल या लाजेस्तव तो सोडून दिला. पिता म्हणजे दत्तक पिता क्लॉडियस, ज्याने इ. स. ४३ मध्ये ते बेट जिंकले. सुएटोनियसने या विचाराचे साल दिलेले नाही, तरी रोमच्या दरबारी या बेटाचा हिशेब मांडला जात होता इतके त्यावरून सिद्ध होते. डिओ कॅसिअस म्हणतो की, तत्त्वज्ञ सेनेकाने ब्रिटन लोकांच्या गळ्यात चार कोटी सेस्टर्सचे कर्ज बांधले होते आणि ते एकदम परत मागितले. इसेनींचा राजा प्रसुटागस मरताना आपल्या दोन मुलींबरोबर सम्राटासही वारस करून गेला, राज्य वाचेल या आशेने. महसुलाच्या माणसांनी सगळेच मालमत्तेच्या यादीत धरले, राणीस फटके मारले आणि मुलींची अब्रू घेतली. गंगाधररावांच्या पश्चात दत्तक नामंजूर होऊन १८५४ मध्ये झांशी खालसा झाली, ती कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांस निराळे काही सांगावयास नको. हिशेबाच्या वहीतून बंड निघते आणि हिशेबाच्या वहीतच ते मिटते. ब्रिटन लोकांनी त्या वर्षी पेरणी केली नव्हती. रोमनांची कोठारे लुटून वर्ष काढू, असा त्यांचा बेत होता, असे टॅसिटस लिहितो. लढाई हरल्यावर तलवारीपेक्षा उपासमारीने त्यांना अधिक मारले. जर-तरच लिहायचे, तर पेरणी झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न गाड्यांच्या प्रश्नापेक्षा अधिक सुपीक आहे. पोटात अन्न असलेली टोळी वर्षानुवर्षे अरण्यात टिकते, आणि खर्च वर्षानुवर्षे चालला की दरबारात माघारीचे शब्द पुन्हा निघतात.

येथे आणखी एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. बंडानंतर पॉलिनस सूडाने पेटला होता. त्यास आवर घातला तो ज्युलियस क्लासिसियानस या महसुलाच्या नव्या अधिकाऱ्याने. सुभेदार बदलल्यावाचून लढाया संपणार नाहीत, असे त्याने रोमला कळवले. टॅसिटस त्याच्यावर चिडलेला दिसतो. टॅसिटसचा सासरा अग्रिकोला पॉलिनसच्या हाताखाली होता, हे त्याचे एक कारण असू शकेल. क्लासिसियानसच्या थडग्याचे लेख कोरलेले दगड लंडनमध्ये १८५२ आणि १९३५ साली सापडले. ते त्याच्या पत्नीने उभारले होते. तिचे नाव ज्युलिया पकाटा, आणि ती ट्रेव्हेरी टोळीतील इंडस या सरदाराची मुलगी असावी असे अभ्यासक मानतात. पकाटा या शब्दाचा अर्थ ‘शांत केलेली’. जिंकलेल्या टोळीत निपजलेल्या, रोमच्या चाकरीत असलेल्या या दांपत्याने दुसऱ्या जिंकलेल्या टोळीचे प्राण वाचवले. त्यांना देशद्रोही म्हणावे की दयाळू? वंशजांच्या जर-तरमध्ये अशा माणसांस जागाच नसते, कारण ती पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसत नाहीत.

लंडनमध्ये २०१० नंतरच्या उत्खननात लाकडी लेखफलक सापडले आणि २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील एक करार २१ ऑक्टोबर ६२ या दिवसाचा आहे. व्हेरुलेमियमहून लंडनला खाद्यवस्तूंचे वीस भार पोचवण्याचा तो करार. ही दोन्ही शहरे बौडिकाच्या लोकांनी जाळून एक-दोन वर्षेच झाली होती. राखेवरून मालाच्या गाड्या चालू झाल्या होत्या! हा एक फलक शंभर काल्पनिक लढायांपेक्षा अधिक शिकवतो. रोम म्हणजे केवळ पलटणी नव्हेत. पलटणी गेल्या असत्या तरी सावकार, व्यापारी, मद्य आणि नाणे ही मागे राहिली असती किंवा दुसऱ्या दाराने परत आली असती. बौडिका जिंकली असती तर ब्रिटन रोमपूर्व काळात परत गेले असते, असे जो लिहितो, त्याने हा करार वाचलेला नाही.

मग जिंकल्यानंतर झाले असते काय? येथे कल्पनेस मोकाट सोडण्याचे कारणच नाही. शेजारी खरा इतिहास पडलेला आहे. बौडिकाच्या ‘असते’चे उत्तर आर्मिनियसच्या ‘होते’मध्ये पाहावे. आर्मिनियस जिंकला. त्यानंतर इ. स. १५ मध्ये त्याची गरोदर पत्नी थुस्नेल्डा रोमनांच्या हाती पडली, ती तिच्या सख्ख्या बापाने दिली म्हणून. इ. स. १७ मध्ये तो मारोबोडुअस या दुसऱ्या जर्मन राजाशी लढला. पुढे राजा होण्याची हाव धरतो या संशयावरून त्याच्याच आप्तांनी त्याचा घात केला. त्याचे वय सदतीस वर्षांचे होते. इ. स. ४७ मध्ये चेरुस्कींचे सरदार आपसांतील लढायांत इतके खपले होते की, त्यांनी रोमकडे राजा मागितला. रोमने पाठवलेला इटालिकस हा आर्मिनियसच्या भावाचा मुलगा, रोममध्येच जन्मलेला आणि वाढलेला. गॉलमधील बंडाच्या वेळीही हेच दिसले. रेमी टोळीच्या नगरात सर्व टोळ्यांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा युद्धाचे नेतृत्व कोणाकडे आणि जिंकल्यावर राजधानी कोठे, यावरच वाद माजले आणि बहुतेकांनी रोमशी तह पत्करला.

तर मग सेरिआलिस खरा ठरला का? वरवर पाहता तसेच वाटते, आणि येथेच या विषयावरील लेखनाची खरी परीक्षा आहे. दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, ती दुफळी आपोआप वाढली नाही. जर्मेनिकसला परत बोलावताना, जर्मनांना त्यांच्या आपसांतील कलहावर सोडून द्यावे, हे सम्राट टायबेरियसचे जाहीर धोरण होते. पराभूत मारोबोडुअसला रॅव्हेना येथे अठरा वर्षे सांभाळले गेले, जर्मनांपुढे वेळप्रसंगी बागुलबुवा म्हणून उभा करता यावा यासाठी. इटालिकसला पैसा आणि रक्षक देऊन पाठवले गेले. जो घरातली भांडणे पोसतो, त्यानेच, पाहा हे कसे भांडतात, म्हणून बोट दाखवावे, ही साक्ष न्यायालयात टिकणार नाही. दुसरी गोष्ट ही की, इतके सारे होऊनही ऱ्हाईनपलीकडच्या त्या टोळ्यांना कराच्या वहीत कोणी लिहिले नाही. त्यांची भांडणे त्यांची राहिली. आर्मिनियसची गाणी त्याचे लोक आपल्या काळापर्यंत गात असल्याचे टॅसिटस नोंदवतो. ज्याला आप्तांनी मारले त्याचीच गाणी आप्त गात होते, यात विसंगती आहे, पण ती माणसांची विसंगती आहे.

तेव्हा प्रामाणिक लेखकास म्हणता येते ते एवढेच की, रोम मागे हटले असते तर टोळ्या भांडल्या असत्या, काही ठिकाणी रक्त सांडले असते, एखाद्या सरदाराने रोमची मदतही मागितली असती. आणि यांपैकी कशानेही बंड चुकीचे ठरले नसते. स्वातंत्र्य हे सुखाचे वचन नसते. आपल्या चुका आपल्या नावावर जमा होण्याचा तो हक्क असतो. १९४७ साली हा प्रश्न आपल्या दारीही आला. त्या वर्षीच्या रक्तपातात जाणाऱ्यांचा वाटा किती आणि राहणाऱ्यांचा किती, याचा हिशेब अजून चालू आहे. पण त्या रक्तपातामुळे जाणाऱ्यांनी राहावयास हवे होते, असे म्हणणारा भेटला तर तो सेरिआलिसचाच शिष्य समजावा, आणि त्या रक्तपाताचा उच्चारही नको म्हणणारा भेटला तर तो पुतळ्याच्या चौथऱ्यावरचा भाट.

एक दोष मात्र प्राचीन आणि अर्वाचीन लेखकांत सामाईक आहे. डिओच्या ग्रंथातील बौडिका आपल्या सैन्यापुढे भाषण करताना इजिप्तची नितोक्रिस आणि असिरियाची सेमिरामिस यांचे दाखले देते. दलदलीच्या प्रदेशातील राणीला या राण्यांची नावे कोठून कळली? ती ग्रीक भाषेतील वक्तृत्वाच्या पाठशाळेतून आली. आज लिहिणारे हसतात आणि स्वतः बौडिकाच्या तोंडी राष्ट्र, जनता, क्रांती असले शब्द घालतात. दोहोंत फरक तो काय? इसेनींना ‘ब्रिटन’ नावाचे राष्ट्र माहीत नव्हते. त्यांना आपली जमीन, आपली दैवते, आपल्या राणीची पाठ आणि तिच्या मुली माहीत होत्या. बंड करण्यास तेवढे पुरेसे होते. त्यांना आमचे शब्द उसने देण्यात उदारपणा दिसतो खरा, पण त्यात त्यांचे स्वतःचे कारण हरवते. ज्यांची भूमी एकांनी घेतली, त्यांचे मन दुसऱ्यांनी घेऊ नये.

टॅसिटसच्या ‘हिस्टरीज’ या ग्रंथाचा उपलब्ध भाग जेथे संपतो, ते ठिकाण या विषयावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावे. बंड विस्कटले आहे. सिव्हिलिस आणि सेरिआलिस यांची भेट ठरते. नदीवरचा पूल मधोमध तोडलेला आहे आणि दोघे आपापल्या काठाकडून तुटलेल्या टोकाशी येऊन उभे राहतात. सिव्हिलिस बोलू लागतो, आपली बाजू मांडू लागतो, आणि तेथेच हस्तलिखित तुटते. पुढचा भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला. सेरिआलिसचे भाषण आपल्यापाशी पूर्ण आहे, सिव्हिलिसचे अर्धवट. ते पुरे करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि जर-तरच्या लेखकाचे कामच ते. मात्र ते करताना त्याने स्वतःला एवढेच विचारावे की, आपण त्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे पुरे करीत आहोत, की त्याला गप्प बसवून आपलेच बोलत आहोत.